चौऱ्याऐंशीचं मर्लो

साँ-व्हेंसाँच्या सकाळी मायलीस कात्री घेऊन नदीकडच्या तुकड्यात उतरली, तर पहिल्याच ओळीच्या टोकाच्या खुंटाला नारिंगी रंग फासलेला. दुसऱ्या ओळीलाही तोच. तिने हातमोजा काढून बोट लावून पाहिलं. रंग वाळलेला होता, म्हणजे काल-परवाचा. मग ती तुकड्याच्या कडेने चालत गेली आणि एकेक खुंट पाहत गेली. एकही सुटला नव्हता.

साँ-व्हेंसाँ हा द्राक्षमळेवाल्यांचा संत. बावीस जानेवारीला त्याचा सण, आणि त्या दिवशी वेलीला लोखंड लावू नये असं गाव मानतं. मायलीसही एरवी मानायची. पण छाटणी पंधरा दिवस मागे पडली होती आणि संत काही कात्री घेऊन मदतीला येणार नव्हता.

नारिंगी खुंटाचा अर्थ त्या हिवाळ्यात बोर्दोजवळच्या मेदोकातल्या शेंबड्या पोरालाही कळत होता. लाल वाइन पूर्वीसारखी खपत नाही, तेव्हा वेली उपटा आणि भरपाई घ्या, असं सरकारने जाहीर केलं होतं, आणि उपटायच्या ओळींवर ही नारिंगी खूण करत होते. शेजारच्या पुयोंच्या मळ्यात नाताळाआधीच मशीन येऊन गेलं. साठ साठ वर्षांच्या वेली मुळासकट उपटून त्यांचा ढीग घातला, आणि तो ढीग तीन दिवस धुमसत राहिला. त्या धुरात उभं राहून मायलीस बापाला म्हणाली होती, "आपल्याकडे असलं काही नको हं, पापा." बापाने मान हलवली होती. फिरमँ लाबार्थच्या मान हलवण्यातून होकार की नकार हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

म्हातारा एक्क्याऐंशी वर्षांचा होता. मळा चालवत होती मायलीस, सोळा वर्षं. छाटणी तिची, फवारणी तिची, तोडणीच्या मजुरांशी होणारी भांडणं तिची, पिपं धुताना मोडलेली कंबरही तिचीच. कागदावर आणि बाटलीवर नाव मात्र फिरमँ लाबार्थचं. आणि एका गोष्टीला तर तिला अजून हातसुद्धा लावू दिलेला नव्हता. ती म्हणजे मेळाची खुर्ची.

मेळ घालणं हे तिथलं खरं काम. बाकी सगळी हमाली. तोडणीनंतर प्रत्येक तुकड्याचा, प्रत्येक जातीचा रस वेगळा आंबतो, वेगळ्या पिपांत जातो. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये पिपांच्या कोठारामागच्या खोलीत लांब टेबलावर सगळे नमुने मांडायचे आणि ठरवायचं, काबर्ने द्राक्षाचं किती, मर्लोचं किती, पेती व्हेर्दोची चिमूट टाकायची की नाही. काबर्नेने वाइनला हाड येतं, मर्लोने मांस. हाड जास्त झालं तर वाइन पन्नास वर्षं उभी राहते, पण तिच्याजवळ जायची सोय राहत नाही. मांस जास्त झालं तर पहिल्याच भेटीत गळ्यात पडते आणि लवकर म्हातारी होते. हे ठरवणारा माणूस टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत बसतो, आणि एकदा त्याने ठरवलं की त्या वर्षाच्या वाइनचा स्वभाव ठरला. पुढे काळ तिला काय करायचं ते करतो, पण जे घातलंच नाही ते काळालाही काढून देता येत नाही.

मायलीस जन्मली चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात, भर तोडणीत. बारशाच्या जेवणाला पाद्री होता, महापौर होता, नदीपलीकडून आलेलं आजोळ होतं. तिथे फिरमँ ग्लास उंचावून म्हणाला, "या वर्षाच्या वाइनच्या दोन डझन बाटल्या पोरीच्या नावाने बाजूला ठेवतो. ती वाइन ज्या दिवशी तयार होईल, त्या दिवशी मेळाची खुर्ची मायलीसची." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरीला खुर्ची म्हणजे त्या काळात मोठीच गोष्ट होती. फिरमँ शब्दाचा पक्का माणूस होता, आणि सगळी अडचण त्या पक्केपणातच होती.

कारण वर्ष नेमकं चौऱ्याऐंशी होतं. जूनमध्ये मर्लो फुलोऱ्यावर असताना गार पाऊस लागला आणि फूल झडून गेलं. दोन्ही काठांवर मर्लोच्या वेली नुसत्या पानांनी उभ्या राहिल्या. लाबार्थांचा नदीकडचा तुकडा तेवढा वाचला, कारण तिथली चिकण माती थंड, फुलोरा आठवडाभर उशिरा, तोवर पाऊस निघून गेलेला. चार पिपं मर्लो निघालं. आसपासच्या दहा मळ्यांत कुणाकडे तेवढंही नव्हतं.

मार्चमध्ये फिरमँ खुर्चीत बसला. समोर दोन ग्लास होते, एकात नुसतं काबर्ने, दुसऱ्यात तेच काबर्ने आणि ती चार पिपं. ओदील, त्याची बायको, पाच महिन्यांच्या मायलीसला मांडीवर घेऊन बाजूला बसली होती. ती नदीपलीकडची, जिथे मर्लोवरच सगळा भरवसा. तिने दोन्ही ग्लास चाखले आणि दुसरा पुढे सरकवला.

"हा."

"हा दहा वर्षांत संपेल," फिरमँ म्हणाला.

"दहा नाही, पंचवीस. आणि तोवर माणसाला पिता तरी येईल. हा पहिला बघ, घशात अडकून बसतो. पिकलेलंच नाहीये काबर्ने, ढोबळी मिरचीचा वास येतोय नुसता."

"माझ्या मुलीच्या नावाची वाइन आहे. ती मऊ नकोय मला. टिकली पाहिजे."

"टिकायला दगड पण टिकतो, फिरमँ."

बस, तेवढ्यावर तो हट्टाला पेटला. चार पिपं मेळाबाहेर राहिली. नाव नसलेली वाइन विकणं त्याच्या नाकाला झोंबणारं, तेव्हा ती घरात वापरायला काढली. घरात म्हणजे सूपमध्ये. सूप संपत आलं की तळाशी दोन-चार चमचे ठेवायचे, त्यात लाल वाइन ओतायची, वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावायचा. याला शाब्रो म्हणतात. म्हातारे करतात, तोडणीचे मजूर करतात, आणि बरी वाइन त्यात कुणी ओतत नाही. त्या घरात मात्र दोन वर्षं मजुरांनी मेदोकातलं सगळ्यात दुर्मिळ मर्लो कोबीच्या सूपमध्ये ओतून संपवलं. ओदील वाढायची आणि दर वेळी नवऱ्याकडे बघायची. नवरा वाडग्यात बघायचा.

मायलीस सतरा वर्षांची झाल्यावर तिच्या बाटल्या उघडायला सुरुवात झाली. दर साँ-व्हेंसाँला एक. फिरमँ स्वतः तळघरातल्या जाळीमागून बाटली आणायचा, बाटलीच्या गळ्याखाली मेणबत्ती धरून गाळ येईपर्यंत वाइन सुरईत ओतायचा, आणि तिघं चाखायचे. पहिल्या वर्षी वाइन शाईसारखी काळी होती आणि मिरचीच्या वासाखाली दुसरा वासच नव्हता. तुरटपणा असा की जीभ टाळूला चिकटली आणि मायलीसने चेहरा वेडावाकडा केला. फिरमँला हसू आलं. तो समाधानाने म्हणाला, "अजून नाही." तेव्हा ते शब्द तिला गोड वाटले होते. आपल्यात काहीतरी एवढं मोठं आहे की त्याला वेळ लागणार, असं तिला वाटलं.

दुसऱ्या वर्षी अजून नाही. तिसऱ्या वर्षी अजून नाही. पाचव्या वर्षी मिरची मागे हटली आणि पेन्सिल तासल्यावर येतो तसा लाकडाचा वास पुढे आला. सातव्या वर्षी त्या मागून फळ डोकावलं. बापाने वास घेतला, भुवई उचलली, आणि अजून नाही.

दोन हजार नऊमध्ये आठवी बाटली उघडली, तेव्हा मायलीस बोर्दोहून वाइनचं शिक्षण पुरं करून घरी आली होती. चोवीस वर्षांची होती, आणि नाकावर माशी बसू देत नव्हती. मेणबत्तीवरून फिरमँने ओतलं. ओदीलने आधी वास घेतला, पुन्हा घेतला. मग मायलीसने. कुंपणावरची काळी बोरं, तंबाखूची पानं, आणि ती जुनी मिरची कुठल्या कुठे विरून तिथे पुदिन्यासारखं काहीतरी. तुरटपणा होता, पण खाली बसला होता.

"पापा, झाली."

"काय झाली?"

"तयार झाली. आत्ता, आज. याहून वर जाणार नाही ती."

फिरमँने घोट तोंडात बराच वेळ घोळवला आणि गिळला. "शेवटाला जीभ ओढते."

"ओढणारच," ओदील म्हणाली. "मर्लो कुठाय त्यात?"

"तो विषय नाही."

"तोच विषय आहे. चोवीस वर्षं तोच आहे. हे बघ, फळ आधी जातं आणि तुरटपणा मागे राहतो. फळ आहे तोवर पिऊन घे. नंतर हातात नुसती साल राहील तुझ्या."

"आलं पलीकडच्या काठाचं शहाणपण."

"हो, पलीकडच्याच. आमच्याकडे लोक वाइन पितात. तुमच्याकडे तिला पहारा देतात."

मायलीस हसली. मोठ्याने हसली. तिथेच बहुतेक बिघडलं. फिरमँने ग्लास टेबलावर ठेवला, तोही अगदी हळू.

"अजून नाही," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

त्याला कळलं होतं. मायलीस शपथेवर सांगायला तयार होती की त्याला कळलं होतं. घोट तोंडात असताना त्याचे डोळे क्षणभर मिटले होते, आणि या माणसाचे डोळे वाईट वाइनवर कधी मिटत नसत. तो तेव्हा पासष्टचा होता, हात स्थिर होते, नाक तेज होतं. वाइन तयार म्हटलं की खुर्ची सोडावी लागणार होती. खुर्ची सोडून करायचं काय, हे फिरमँ लाबार्थला कुणी शिकवलेलं नव्हतं. खोटं तो बोलला नाही. वाइन शेवटाला ओढत होतीच. लाबार्थांच्या टेबलावर वाइनबद्दल खोटं बोलायची पद्धत नव्हती. माणसांबद्दल काय वाटेल ते बोलावं.

त्याच महिन्यात ओदीलच्या भावाचा, गिलेममामाचा, फोन आला. त्याला मूलबाळ नव्हतं. नदीपलीकडे फ्रोन्साकला त्याचा छोटा मळा होता. ये आणि इथे मेळ घाल, म्हणाला, पहिल्या वर्षापासून तुझ्या नावाने.

"जा," ओदील म्हणाली. भांडी घासत होती, वळलीही नाही. "उद्याच्या उद्या जा. इथलं मागाहून बघता येईल."

"एकच वर्ष, ममाँ. वाइन तयार आहे, त्यांनाही माहितीये. पुढच्या वर्षी नाही म्हणता येणार नाही त्यांना."

ओदीलने हात पुसले आणि पोरीकडे बघितलं. "अगदी त्याच्यावर गेलीस तू," ती म्हणाली. त्यात कौतुक नव्हतं.

ही चूक मेदोकातलं माणूसच करू जाणे. थांबलं की चांगलं होतं, हे तिथे दुधाबरोबर पाजतात. जे आज झोंबतं ते उद्या निवेल, जे उद्या नाही निवलं ते परवा. माणूस त्या भरवशावर बाटली झाकून ठेवतो, तसंच बाकीचंही ठेवतो. मायलीस एक वर्ष थांबली. बापाने पुढच्या वर्षीही वाइन तोंडात घोळवली आणि म्हणाला, अजून नाही. मग तिला हट्ट चढला. इतकं थांबलोच आहोत तर आता मधेच सोडून कसं जायचं? गिलेममामा तीन वर्षं वाट बघत राहिला, आणि चौथ्या वर्षी त्याने गावातल्याच एका जोडप्याला मळा दिला. तिने त्यांना शुभेच्छांचं कार्ड पाठवलं.

त्यानंतर वाइन उतरत गेली. बाराव्या बाटलीला कड विटकरी झाली. बोरांचा वास होता, पण भिंतीपलीकडून यावा तसा. पंधराव्या बाटलीला ओली पानं आणि अळंबी. त्याच्या आदल्या शरद ऋतूत ओदील गेली होती. त्या साँ-व्हेंसाँला फिरमँने सवयीने तीन ग्लास मांडले, तिन्ही भरले, आणि दोन स्वतः प्यायला. "अजून नाही," तो म्हणाला, पण कुणाला म्हणाला ते मायलीसला कळलं नाही. विसाव्या बाटलीला फळ संपलं. आता फिरमँचं म्हणणं एका अर्थी बिनचूक होतं. वाइन खरंच तयार नव्हती, आणि कधी होणारही नव्हती. तुरटपणा मात्र होता तिथे होता, एखाद्या जुन्या पाहुण्यासारखा, ज्याला घरातली सगळी माणसं गेल्याचं कुणी सांगितलेलं नाही.

आज चोविसावी बाटली होती. शेवटची.

मायलीस नदीकडून घरी आली तेव्हा बूट काढायलाही थांबली नाही. फिरमँ टाय लावून टेबलाशी बसला होता. कोबी, पांढरा घेवडा आणि हॅमचं हाड घालून तिनेच पहाटे चढवलेलं सूप चुलीवर होतं. वाइन आधीच सुरईत होती, मेणबत्तीचा धूर अजून हवेत होता. त्याचा हात आता थरथरायचा, म्हणून गाळ थोडा सुरईत उतरला होता. आणि पावाशेजारी मेळाच्या खोलीची किल्ली ठेवलेली होती. तिने ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं. वाडगे भरले, एक त्याच्यापुढे ठेवला, आपला घेऊन बसली आणि खायला लागली. भूक लागली होती, राग असला म्हणून भूक थोडीच थांबते.

"रंग कुणी मारला, पापा?"

फिरमँने चमचा सूपमध्ये बुडवला आणि तसाच ठेवला. "पुयोच्या पोराने. मीच सांगितलं."

"मला नाही सांगितलंत ते."

"कागदावर सही माझी लागते."

"सही तुमची लागते, ठाऊक आहे मला. बाकी सगळं माझं लागतं. किती जाणार?"

"नदीकडचं सगळं. वरचा पेती व्हेर्दो पण. खडीवरचं काबर्ने राहील."

"म्हणजे सगळं मर्लो."

"मर्लो कुणाला हवंय आता? काबर्ने टिकतं."

तिने पाव तोडला, चावला, गिळला. मग म्हणाली, "मशीन कधी आहे?"

"सोमवारी."

"साँ-व्हेंसाँ आटोपून. छान. संताचा मान राखलात."

"मायलीस."

"जेवते आहे मी."

म्हाताऱ्याने आपल्या वाडग्याला हात लावला नाही. त्याने दोन ग्लासांत वाइन ओतली, आणि एक तिच्याकडे सरकवला. वाइनचा रंग विटकरीही राहिला नव्हता, चहा उकळून ठेवावा तसा झाला होता. फिरमँने आपला ग्लास नाकाशी नेला. मायलीस त्याच्याकडे बघत होती. त्याच्या नाकपुड्या हलल्या, मग थांबल्या. त्याला कळलं, हे तिला कळलं. एक्क्याऐंशीचा झाला तरी नाक अजून त्याचं नाक होतं. त्याने घोट घेतला, पूर्वीसारखा घोळवला, आणि या वेळी डोळे मिटले नाहीत. ते किल्लीवर होते.

"तयार आहे," तो म्हणाला.

चोवीस वर्षं दर जानेवारीला ती या दोन शब्दांसाठी या टेबलाशी बसली होती. ते ऐकल्यावर आपल्याला रडू येईल असं तिला वाटायचं. पंचविशीत वाटायचं की आपण उठून त्याच्या गळ्यात पडू. पस्तिशीत वाटायचं की एकच शब्द बोलू, "बरं." आता तिला नुसता संताप आला. तिने ग्लास उचलला आणि चाखला. आधी आंबट, मग काहीच नाही, मग तो तुरटपणा, एकटाच, हिरड्यांपर्यंत. तोंड कोरडं पडलं.

"पापा, खरं सांगा."

"तयार आहे म्हटलं ना." त्याने किल्ली बोटाने तिच्याकडे ढकलली. "शब्द दिला होता मी. सगळ्यांसमोर दिला होता."

"त्यातलं कोण उरलंय आता?"

त्याने किल्ली आणखी थोडी पुढे सरकवली.

"मी मेळ कशाचा घालू, पापा? काबर्नेत काबर्ने?"

"वरच्या तुकड्याचं काबर्ने वेगळं आहे. खालच्या अंगाचं वेगळं. त्यात पुष्कळ..." त्याने वाक्य अर्ध्यावर सोडलं. स्वतःच्या तोंडचं त्यालाच ऐकवेना असं दिसलं. मग तो एकदम म्हणाला, "मी मेल्यावर कुणी म्हणायला नको की दिली नाही."

म्हणजे ही त्याची भेट होती. पन्नास वर्षं त्या टेबलाशी बसून त्याने वाइनबद्दल एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता, आणि आज तो तिच्यासाठी पहिला खोटा शब्द बोलला होता. हे तिला समजलं. समजल्याने राग कमी झाला नाही, फक्त त्याला टेकायला जागा उरली नाही. सोळा वर्षांपूर्वी खरं बोलला असता तर पुरलं असतं.

तिच्या वाडग्यात तळाशी दोन-तीन चमचे सूप राहिलं होतं. वर चरबीचे थेंब तरंगत होते. तिने किल्ली बाजूला सारली आणि सुरई ओढली. फिरमँचा हात पुढे आला, अर्ध्यावर थांबला. तिने वाडग्यात वाइन ओतली, बरीच ओतली, गाळासकट. तपकिरी रस कोबीच्या पानांभोवती फिरला.

"मर्लो इथेच गेलं होतं ना?" ती म्हणाली. "चार पिपं. ममाँ सांगायची."

तिने दोन्ही कोपरं टेबलावर टेकली, वाडगा उचलला आणि तोडणीचे मजूर पितात तसा तोंडाला लावला. कोमट, खारट. हॅमच्या चरबीने तुरटपणा धरून ठेवला, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ती वाइन मऊ लागली. तिने शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन वाडगा खाली ठेवला आणि मनगटाने तोंड पुसलं. तिचे डोळे भरून आले होते, पण ते तिने पुसले नाहीत, त्याला बघू दिले.

बाहेर चर्चची घंटा झाली. संताची मिरवणूक निघाली असणार. यंदा दोघांपैकी कुणी गेलं नव्हतं.

फिरमँने स्वतःच्या ग्लासाकडे पाहिलं, मग तिच्या रिकाम्या वाडग्याकडे. त्याने आपला वाडगा दोन्ही हातांनी धरून हळूहळू टेबलावरून तिच्याकडे सरकवला. सूप काठोकाठ होतं, गार झालेलं, वर चरबीची साय धरलेलं. सरकवताना थोडं टायवर सांडलं.

"मलाही ओत," तो म्हणाला.

मायलीसने सुरई उचलली. तळाशी एका माणसापुरती वाइन होती. तिने ती हातात धरली, बापाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवली.

"अजून नाही, पापा," ती म्हणाली. "आधी सूप संपवा."

त्याने वाडगा परत ओढून घेतला आणि चमचा उचलला.